घारीचे छत्तीस टक्के

अपंगत्वाच्या दाखल्याच्या खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटा फिरवून पुढे सरकवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. त्याला आकडा दिसला नाही. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने वाचला. कान वीस, पाय बारा, डोळे दहा. एकूण छत्तीस.

"बेचाळीस होतात," तो म्हणाला.

"छत्तीस होतात," बाई म्हणाल्या.

"वीस नि बारा बत्तीस. बत्तीस नि दहा..."

"भाजी घेताय का? शरीराची बेरीज अशी होत नसते. आधी सगळ्यात मोठा दोष धरायचा. मग जेवढं शरीर धड उरलं, त्यातून दुसरा. त्यातून उरलं, त्यातून तिसरा. सूत्र आहे त्याचं."

"म्हणजे आधीच कान गेलेल्या माणसाचा पाय गेला, तर तो कमी गेला?"

"चाळीस लागतात. पुढचे कोण?"

पुढचा माणूस काखेत कुबडी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "काका, भांडण झालं असेल तर सरका."

छत्तीस टक्केवाल्या या माणसाला कारखान्यात घार म्हणत. पोलादाच्या पट्ट्या आणि पत्रे साठवायच्या एका लांबलचक शेडमध्ये, जमिनीपासून चाळीस फूट उंचावर रुळांवर फिरणारी क्रेन होती. तिच्या पोटाला लटकलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये तो सत्तावीस वर्षं बसला. खाली कोण चहा प्यायला सटकलं, कोण हेल्मेट न घालता फिरतंय, हे तो वरून ओरडून सांगायचा. त्यावरून हे नाव पडलं. स्वभाव नावाला साजेसा होता. वरून खाली बघायची सवय माणसांच्या बाबतीतही तशीच राहिली. "खाली जे असतात त्यांना अक्कल नसते, म्हणून ते खाली असतात," हे त्याचं एक आवडतं वाक्य. ते तो खालच्यांसमोरच म्हणायचा.

आधी कान गेले. शेडमध्ये लोखंडावर लोखंड आपटायचं आणि कानात घालायचे बोळे त्याला बायकी वाटायचे. मग साखर निघाली. साखरेने पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटवले, दोन्ही डोळ्यांत, आणि समोरचं जग ओल्या काचेतून बघितल्यासारखं झालं. शेवटी पाय बधिर झाले. काही महिन्यांपूर्वी केबिनच्या शिडीवरून उतरताना तळव्याला पायरी लागली नाही. तो खालच्या सात पायऱ्या घसरला. बरगडीला तडा गेला. कारखान्याने त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. प्रकृतीच्या कारणास्तव, असं त्यात होतं. कोणती प्रकृती, ते नव्हतं.

आता चाळीस टक्क्यांचा कायमचा दाखला मिळाला, तर महिन्याचा भत्ता सुरू होणार होता आणि इन्सुलिन सरकारी औषधखिडकीवर फुकट मिळणार होतं. नाही मिळाला तर दोन्ही नाही. बायको एका खासगी लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुते. दिवसाला पाचशे-सहाशे नळ्या, आधी साबण, मग ॲसिड, मग पाणी. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या आहेत. घरात येणारं तेवढंच.

छत्तीसचा घोळ डोळ्यांच्या खोलीत झाला होता, आणि तो त्याने स्वतःच केला होता.

कारखान्यात दर वर्षी क्रेनवाल्यांची तपासणी व्हायची. कंपनीचा डॉक्टर एका खोलीत बसायचा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर एक मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. हा तक्ता कधी बदलला नाही. भिंतीला रंग दिला तेव्हाही तो काढला नव्हता, त्याच्या कडेने रंग दिला होता. रांगेतला पुढचा माणूस मागच्याला ओळी सांगायचा, मागचा त्याच्या मागच्याला. जुन्या लोकांना सातव्या ओळीपर्यंत सगळं पाढ्यासारखं पाठ होतं. यात कुणाला काही गैर वाटत नसे. डॉक्टरलाही वाटत नसावं, कारण तो मान वर न करता "नॉर्मल" लिहायचा. डोळे बिघडल्यावर पहिल्या वर्षी घारीने रात्रभर धास्ती घेतली. पुढच्या वर्षांत घेतली नाही.

सरकारी इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने, एका तरुण बाईने, त्याला स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितलं आणि भिंतीवरचा दिवा लावला. त्याला पांढरा चौकोन दिसला, त्यात काळी रांग. तक्ता तोच, त्याच छापखान्याचा. "वाचा," ती म्हणाली, आणि त्याने पहिल्या ओळीपासून सातव्या ओळीपर्यंत एका दमात म्हणून टाकलं. शेवटचं अक्षर तोंडातून सुटल्यावर त्याला आपण कुठे बसलोय ते कळलं.

"मॅडम, हे मला दिसलं नाही. पाठ आहे."

"असं का."

"खरंच. काहीच दिसत नाही मला."

"लायसन्स हवं असलं की सगळ्यांना दिसतं. भत्ता हवा असला की कुणाला दिसत नाही," ती म्हणाली. पडद्यावरचे ठिपके तिने पाहिले होते. त्यांचे दहा टक्के तिने दिले.

घरी आल्यावर बायकोने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "सातव्या ओळीपर्यंत कशाला गेलात? तिसरीला थांबता आलं नसतं?"

"तोंडातून निघून गेलं."

"एरवी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. तिथे बरी वाचा फुटली."

अपिलासाठी तीस दिवस होते. तिसऱ्या दिवशी दोघं पुन्हा खिडकीवर गेली. बाईंनी फाईल चाळली आणि दुसरी अडचण काढली. घारीने अर्जासोबत सात वर्षांचे तंदुरुस्तीचे दाखले जोडले होते. कुणी मागितले नव्हते. आपण साधा हमाल नव्हतो, क्रेन चालवत होतो, हे साहेबांना कळावं म्हणून त्याने हौसेने जोडले होते.

"यात गेल्या वर्षीपर्यंत डोळे नॉर्मल आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे दोष वर्षाच्या आतला. वर्षाच्या आतल्या दोषाला तात्पुरता दाखला देतात. उपचार करा, मग परत या. तात्पुरत्यावर भत्ता नाही."

"ते दाखले खोटे आहेत."

"तुम्हीच जोडलेत."

"मग काढून टाका."

"पानांना नंबर पडलेत," बाई म्हणाल्या. "दोष कधीपासून, हा रकाना आहे अपिलाच्या फॉर्मवर. जुना असेल तर तसं लिहा. डॉक्टरांचं मंडळ विचारेल, त्यांना पटवा. मला पटवून उपयोग नाही."

बायकोने रकान्यात सात वर्षं लिहिलं. त्याने सही केली. बातमी कारखान्यापर्यंत कशी गेली कोण जाणे, पण चार दिवसांत मेहुणा दारात उभा होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच शेडमध्ये क्रेनच्या खाली उभा राहून वरच्याला हाताने खुणा देणं हे त्याचं काम. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा खाली केला की सोड, मूठ दाखवली की थांब. खुणा जगभर ठरलेल्या आहेत आणि बोटांनीच करायच्या असतात. सात वर्षांपूर्वी घारीला ही बोटं दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने ते फक्त मेहुण्याला सांगितलं. दोघांनी मिळून नव्या खुणा बसवल्या. उचल म्हणजे दोन्ही हात आभाळाकडे. सोड म्हणजे उकिडवं बसायचं. डावीकडे न्यायचं तर डावीकडे चार पावलं चालायचं. थांब म्हणजे पिवळं हेल्मेट काढून छातीवर धरायचं. गल्लीच्या दोन टोकांना उभं राहून त्यांनी हे आठवडाभर घोटलं. शेडमधल्यांना वाटलं, हा चेकाळलाय. त्यांनी मेहुण्याला हिरो नाव ठेवलं. सात वर्षं तो पाच-पाच टनांच्या गठ्ठ्यांखाली बसला, उठला, पळाला, आणि एकाही माणसाला काही लागलं नाही.

"बस की," बहीण म्हणाली.

"बसायला नाही आलो, ताई. दाजी, फॉर्मवर सात वर्षं लिहिलंय म्हणे."

"खरं तेच लिहिलंय," घार म्हणाला.

"एक वर्ष करा."

"एक वर्षावर भत्ता नाही."

"मग पुढच्या वर्षी परत जा. डोळे काय पळून चाललेत?"

"ते केव्हाच पळालेत," बहीण म्हणाली.

"ताई, तू मधे बोलू नकोस. सात वर्षं म्हटलं की मंडळ कारखान्याला लिहिणार. कारखाना विचारणार, सात वर्षं खाली कोण होतं. खाली मी होतो. आंधळ्याला क्रेन चालवू दिली म्हणून मला हाकलतील. माझी चार वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"तुझं नाव मी घेणार नाही."

"तुम्ही घेणार नाही हो. पण तुमच्या तोंडाचा काय भरवसा? तक्ता समोर आला की आपोआप चालतं."

घारीचा चेहरा लाल झाला. "तुला त्या कामाला लावलं कुणी?"

"हे तुम्ही दर महिन्याला सांगता. मी माकडासारखा नाचलो सात वर्षं, ते मी कधी बोललो का? लोक माझ्या पोराला हिरोचा पोरगा म्हणतात."

"नोकरी टिकली ना पण."

"तुमची टिकली. माझी धड होतीच." मेहुणा उंबऱ्याकडे वळला. "आणि तुम्हाला नाही मिळाला भत्ता, तर काय उपाशी मरणार आहात? ताईची नळ्यांची नोकरी आहे की."

बहीण त्या वेळी हाताला मलम लावत होती. तिने मलमाचं झाकण लावलं. मेहुणा गेल्यावर घार म्हणाला, "काही झालं तरी त्याचं नाव निघता कामा नये."

अपिलाचं मंडळ तीन डॉक्टरांचं होतं. मधे टक्कल पडलेले म्हातारे सर्जन, एका बाजूला कानाचे, दुसऱ्या बाजूला हाडांचे. खोलीत कूलर घरघरत होता आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर हातोडी ठेवली होती, गुडघ्यावर मारतात ती रबराची. घारीला खुर्ची दिली. बायको दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. सोबतीच्या माणसाला बसायला जागा नसते.

डोळे या वेळी दुसऱ्या यंत्रावर तपासले. त्यात अक्षरं नव्हती, तीन दात्यांच्या फणीसारखे आकार होते, कोणता कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते सांगायचं, आणि दर वेळी ते बदलायचे. घार पहिल्या ओळीवर अडला. सर्जनांनी ते लिहून घेतलं आणि फाईलमधले दाखले पुढे ओढले.

"कधीपासून असं दिसतंय?"

"सात वर्षं."

"आणि हे सात नॉर्मल?"

"तक्ता पाठ होता. सगळ्यांनाच होता."

"म्हणजे सात वर्षं तुम्ही माणसांच्या डोक्यावरून पाच टन लोखंड न बघता फिरवत होता."

"एकालाही लागलं नाही."

"ते मी विचारलं नाही. कसं फिरवत होता?"

"कानाने," घार म्हणाला. "साखळीचा आवाज असतो. ताण आला की वेगळा, सैल पडली की वेगळा."

कानाच्या डॉक्टरांनी आपला कागद वर केला. "उजव्या कानाला समोरचं बोलणं पोचत नाही तुमच्या. आणि हे दहा वर्षांपासून आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय. शेडमध्ये साखळी ऐकू यायची?"

घार म्हणाला, "पायाने कळतं. ब्रेकचं पॅडल असतं. वजन पॅडलमध्ये येतं."

"कुठल्या पायाने?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. "तळव्याला टाचणी टोचली तर कळत नाही तुम्हाला. पाच वर्षं. हेही तुम्हीच सांगितलंय."

"अंदाज असतो. वीस वर्षं तेच काम केलं की हाताला कळतं."

"हाताला कळतं," सर्जन म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. कानाने म्हणाल तर कानाचे वीस कमी करावे लागतील. पायाने म्हणाल तर पायाचे बारा. दोनच गोष्टी होऊ शकतात. तुम्हाला दिसत होतं आणि आज तुम्ही आमच्यापुढे नाटक करताय. किंवा दिसत नव्हतं आणि दुसरं कुणी तुम्हाला दाखवत होतं. तिसरं काही असेल तर सांगा."

कूलर चालू होता. सर्जनांनी घड्याळ पाहिलं आणि फाईल मिटायला घेतली.

"माझा भाऊ खाली उभा राहायचा," दाराजवळून बायको म्हणाली.

"तू गप्प बस," घार म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"मी यांची बायको. माझा भाऊ खुणा देणारा होता. यांना बोटं दिसत नव्हती म्हणून तो अख्ख्या अंगाने खुणा करायचा."

"कशा?"

ती भिंतीपासून पुढे आली. खांद्याची पिशवी तिने जमिनीवर ठेवली. दोन्ही हात सरळ वर केले. मग तिथेच, पंचावन्न वर्षांची बाई, डॉक्टरांच्या टेबलासमोर उकिडवी बसली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. डावीकडे चार पावलं गेली, परत आली, उजवीकडे गेली. शेवटी फाईलचं रिकामं पाकीट छातीशी धरून ताठ उभी राहिली. सर्जन आधी तिच्याकडे बघत होते. मग ते घारीकडे बघू लागले. घारीचे दोन्ही हात मांड्यांवर होते, आणि ती वर झाली की उजवा क्रेनचा दांडा ओढल्यासारखा मागे येत होता, ती बसली की पुढे जात होता, ती चालली की डावा तिच्या मागे वळत होता. पाकीट छातीला लागलं तेव्हा दोन्ही हात एकदम थांबले.

"भावाचं नाव?" सर्जनांनी विचारलं.

तिने नाव सांगितलं. आडनावासकट.

बाहेर बाकावर बसल्यावर घार म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं?"

"डॉक्टरांनी."

"ते मला विचारत होते."

"तुम्ही उत्तर कुठे देत होता?"

"सख्खा भाऊ आहे तुझा."

"माझी नळ्यांची नोकरी आहे, हे त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "आता त्याची राहते की जाते, ते त्याने बघावं."

डोळ्यांना तीस टक्के मिळाले. सूत्राने एकूण पन्नास झाले. साधी बेरीज बासष्ट होते, हे घारीने खिडकीवर बोलून दाखवलं. बाईंनी लक्ष दिलं नाही. दाखल्यावर कायम असा शिक्का बसला आणि दोषाचा काळ सात वर्षं असा लिहिला गेला. मंडळाने ठरल्याप्रमाणे एक पत्र कारखान्याला पाठवलं.

मेहुण्याला चौकशीपर्यंत घरी बसवलं. चौकशी दीड महिना चालली. तिचं उत्तर कारखान्याने मंडळाला धाडलं आणि एक प्रत घारीच्या पत्त्यावर आली. त्यात मेहुण्याचा लेखी जबाब होता. खुणा मी नियमाप्रमाणे बोटांनीच देत होतो, असं त्याने लिहिलं होतं. अंगाने काही हालचाल होत असल्यास ती माझ्या खेळकर स्वभावामुळे, कामाशी तिचा संबंध नाही. माझ्या बहिणीने कौटुंबिक रागातून माझं नाव घेतलं. क्रेनचालकाची नजर शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होती.

व्यवस्थापनाला हा जबाब पटला. नजर उत्तम होती म्हटलं, की सातही दाखले खरे ठरत होते आणि ते देणारा डॉक्टरही. मेहुणा कामावर परत आला. खुणांवरून मात्र काढून त्याला भंगाराच्या यार्डात टाकलं. तिथे क्रेन नाही. मंडळाने पत्र फाईलला लावलं आणि दाखला होता तसा ठेवला. आता एका सरकारी कागदावर हा माणूस सात वर्षं जवळजवळ आंधळा आहे आणि कारखान्याच्या कागदावर त्याची नजर उत्तम आहे. दोन्ही कागदांवर गोल शिक्के आहेत.

मेहुण्याने बहिणीचा नंबर ब्लॉक केला आहे. त्याच्या मुलाचं लग्न ठरल्याचं तिला लॅबमधल्या बाईकडून कळलं.

कारखान्याचं पत्र आलं त्या सकाळी बायको कामावर निघाली होती. तिने ते उभ्या उभ्या वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला घारीने मान वर केली.

"पुन्हा वाच ते."

"कुठलं?"

"नजरेचं."

"एकदा ऐकलंत ना. कान वीस टक्केच गेलेत."

तिने पत्र टेबलावर पालथं टाकलं, दाखल्याची झेरॉक्स आणि इन्सुलिनसाठी बर्फाची पिशवी घेतली, आणि औषधखिडकीची रांग वाढायच्या आत बाहेर पडली.